प्रति: वरच्या मजल्यावरचा आवाज आणि ढिम्म घरमालक
वरच्या मजल्यावरच्या आवाजाने झोप उडालीय आणि घरमालक दाद देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर इथे कुणीतरी भिंतीला फोम लावायचा सल्ला दिलाय, त्यात पैसे घालवू नका. फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतो, शेजारून येणारा अडवत नाही. तो अडवायला जड, भरीव थर लागतो, फटी बुजवाव्या लागतात.

पण तुमचा त्रास धपधप पावलांचा, खुर्च्या सरकवण्याचा आहे. तो स्लॅबमधून उतरतो. तुमच्या बाजूने फारसं काही होत नाही. इलाज वरच्यांच्याच घरात: खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या, जाड गालिचा, वॉशिंग मशीनखाली रबरी पॅड. नेमकं हेच मागा. नुसतं ‘आवाज कमी करा’ म्हटलं की लोक मान डोलावतात आणि विसरतात.

घरमालक फोनवर ‘बघतो’ म्हणतो ना? मग फोन करणं सोडा, ईमेलच करा. सोबत नोंदी जोडा: तारीख, आवाज सुरू-बंद झाल्याची वेळ, कसला, कुठल्या खोलीत, झोप मोडली का. मोबाइलचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून लंगडं, कारण बरेच फोन आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतात. भाडेकरारात शांततेबद्दल कलम असेल तर क्रमांकासह लिहा, उत्तरासाठी तारीख द्या. भाडं मात्र परस्पर अडवू नका. थकबाकीदार ठरलात की मूळ तक्रार बाजूलाच राहते.