अनुभव धागा: लॅटिनो माध्यमं शिकताना

कणीस_शिकागो
काल बस चुकली म्हणून शिकागोच्या पिल्सन या मेक्सिकन वस्तीत अठराव्या रस्त्यावरच्या बेकरीत शिरले. गल्ल्यामागे रेडिओ चालू होता. निवेदक स्पॅनिशमध्ये बर्फाचं आणि शाळा बंद असल्याचं सांगत होता आणि पाव मोजणारी बाई हात थांबवून ऐकत होती. एकदम २०१२ आठवलं. कॉलेजचं तिसरं वर्ष, विषय लॅटिनो माध्यमं आणि संवाद, म्हणजे अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांचे रेडिओ, टीव्ही, पेपर. वर्गात मी एकटी भारतीय. आई नाशिकला मावशीला फोनवर "पत्रकारिता करतेय" एवढंच सांगायची.

पहिलंच काम मिळालं ते शिकागोतल्याच लिटल व्हिलेजमध्ये पहाटे तमालेस (मक्याच्या पिठाचे वाफवलेले मेक्सिकन उंडे) विकणाऱ्या कुणाशी तरी बोलून तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण आणायचं. पाच वाजता पोचले. थंडी इतकी की हातमोज्यातून रेकॉर्डरचं बटण दाबलं जाईना. साठीच्या बाई, ढकलगाडीत मोठं पातेलं, त्याला टॉवेल गुंडाळलेला. मी विचारलं, "तू किती वाजता उठतेस?" वर्गात आम्ही एकमेकांना 'तू'च म्हणायचो. बाईंनी टॉवेल नीट केला आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं. बस. मी तिथे नव्हतेच जणू.

माझ्या आजीला कुणी परक्या पोरीने अगं-तुगं केलं असतं तर? स्पॅनिशमध्ये 'उस्तेद' आहे, आपलं 'तुम्ही'. पुस्तकात शिकले होते, जिभेवर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर पिशवीत ठेवून गेले, "सेन्योरा, तुम्ही" म्हणून सुरुवात केली, दोन तमालेस घेतले आणि गेले. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून बोलल्या. गाडीवर असं शिजवलेलं विकणं तेव्हा शहराच्या नियमात बसत नव्हतं, नियम २०१५ मध्ये बदलला. माझ्या हातातलं ते यंत्र बघून त्यांच्या पोटात काय कालवलं असेल, हे मला तेव्हा कळलं. आवाज घे, फोटो नको, म्हणाल्या.

हे किंवा याच्या जवळपासचं कुणी शिकलंय का? लिहा ना.

शुभा_सॅनहोजे
माझी लेक शिकतेय आत्ता, दुसरं वर्ष. सगळे एकच विचारतात, नोकरी मिळेल का. मीही विचारायचे. मग तिने एकदा जेवताना रुबेन सालासारबद्दल सांगितलं. लॉस एंजेलिस टाइम्सचा स्तंभलेखक, केएमईएक्स या स्पॅनिश वाहिनीचा वृत्तसंचालक. २९ ऑगस्ट १९७० ला व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, मोर्चाच्या बातमीसाठी गेला, एका बारमध्ये बसलेला असताना शेरिफच्या माणसाने सोडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागून मेला. सांगताना तिचा वरणभात तसाच राहिला. त्यानंतर मी नोकरीचं विचारलेलं नाही.

मायलेकी_७८
वाचतेय सगळं. पोळ्या झाल्या की लिहिते.

अमरावतीकर
मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला शेतकी शिकायला होतो, बाहेरचा एक विषय घ्यावा लागतो म्हणून हा घेतला. तिथे रेडिओ बिलिंग्वे आहे, ४ जुलै १९८० ला सुरू झालेला. उभा करणारे ह्युगो मोरालेस स्वतः मेक्सिकोतल्या ओआहाकाकडच्या मिश्तेक या आदिवासी समाजातले, लहानपणी शेतात मजुरी केली, हार्वर्डला शिकले आणि परत फ्रेस्नोच्या खोऱ्यात आले. त्यांच्याकडे मिश्तेको भाषेचाही कार्यक्रम असतो. तोवर मला वाटायचं लॅटिनो म्हणजे स्पॅनिश, विषय संपला. द्राक्षाच्या छाटणीला माझ्याबरोबर असलेले लोक माझ्याशी स्पॅनिश बोलायचे, आपसात मिश्तेको. दवाखान्यात मात्र दुभाषा स्पॅनिशचा! आमच्या मेळघाटात कोरकू बाई मराठीत प्रश्न विचारला की मान हलवते आणि डॉक्टरला वाटतं समजलं. मी गावाकडे हे लहानपणापासून बघत होतो, पण दिसलं फ्रेस्नोत.

वर्धेचा_वारा
शेतकी आणि मेक्सिको म्हटल्यावर राहवत नाही. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे! गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत चापिंगोला शेतकीचे प्राध्यापक, मक्यावर काम. चित्रकार दिएगो रिवेराने तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय, हातात पाव. १९६७ ला नागपुरात गेले. विषयांतर झालं, पण हे शाळेत कुणी सांगत नाही.

शुभा_सॅनहोजे
@वर्धेचा_वारा लेकीला लगेच पाठवलं. तिला माहीत नव्हतं, मलाही!

दुपारचा_चहा
एक भाबडा प्रश्न. तमालेसचा मका चुन्यात शिजवतात म्हणे. तो पानाला लावतो तोच?

कणीस_शिकागो
@दुपारचा_चहा हो, खायचा चुनाच. सालं सुटतात आणि पीठ मळलं की चिकटून राहतं, भाकरीच्या पिठासारखं फुटत नाही. थोडाच घाल आणि नंतर दोन-तीनदा धू.

एल_ए_चा_मध्या
२००६ ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटच्या वर्षाला होतो. कागदपत्रं नसलेल्यांना गुन्हेगार ठरवणारं विधेयक आलं होतं. सकाळच्या स्पॅनिश रेडिओवरचे एकमेकांचे कट्टर स्पर्धक निवेदक, पिओलिन आणि एल कुकुय, एकत्र आले. लोकांना सांगितलं, पांढरे कपडे घाला, अमेरिकेचा झेंडा घ्या, कचरा करू नका. २५ मार्चला शनिवारी लाखो लोक रस्त्यावर. सोमवारी सरांनी विचारलं, एवढा मोठा मोर्चा निघणार हे आधी कुणाला माहीत होतं? ज्यांचे आईवडील बांधकामावर, स्वयंपाकघरात रेडिओ लावून काम करत, त्यांचेच हात वर. रोज दोन इंग्रजी पेपर वाचणारे आम्ही गप्प. अजून लिहिलं असतं, स्टेशन आलं.

मायलेकी_७८
झाल्या पोळ्या. मी सॅन अँटोनियोला होते, हाच विषय. खोलीतली मैत्रीण दर महिन्याला आईसाठी वीज कंपनीला फोन लावायची. इकडे इंग्रजी, तिकडे स्पॅनिश, नऊ वर्षांची असल्यापासून. निबंध तिने यावरच लिहिला, आपण काय काय भाषांतर केलं नाही याचा. पलीकडचा माणूस खेकसला तर आईला "थोडं थांबा म्हणतायत" सांगायचं. आई चिडून काही बोलली तर इंग्रजीत "थँक यू". तिने मला वाचून दाखवला तेव्हा मला दादरची बँक आठवली, काउंटरवरचा इंग्रजी फॉर्म आणि आजीने घट्ट धरलेलं माझं मनगट. तो माणूस आजीला काय म्हणाला ते मीही कधी सांगितलं नाही. माझ्या निबंधात हे घालायला हवं होतं, नाही घातलं. कुकर लावलाय, नंतर येते.