पोट सुटलं म्हणजे कफ प्रकृती?

मोजपट्टी: कालच्या धाग्यात एकाने तक्ता डकवलाय: बारीक तो वात, पिळदार तो पित्त, जाड तो कफ. खाली त्याबरहुकूम आहार. हा चरकाचा तक्ता नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शेल्डनने १९४० मध्ये सांगितलेल्या तीन बांध्यांवर दोषांची नावं चिकटवली आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागातल्या दशविध (दहा प्रकारच्या) परीक्षेत प्रकृती (जन्मजात ठेवण), सार (धातूंचा कस), संहनन (बांध्याचा घट्टपणा), प्रमाण (शरीराची मापं) वेगवेगळे तपासायला सांगितलेत. सगळं एकच असतं तर चार परीक्षा कशाला?

नाडीपरीक्षा: अर्धंच वाचलंत. त्याच विमानस्थानाच्या ८व्या अध्यायात वातल (वात प्रकृतीचा) रूक्ष आणि कमी मांसाचा, पित्तलाचे सांधे-मांस शिथिल, मऊ, आणि श्लेष्मल (कफ प्रकृतीचा) सर्वांगाने भरलेला, घट्ट असं आहे. पित्त म्हणजे पिळदार, हे चूकच. पण बांधा प्रकृतीत येतो.

मोजपट्टी: भरलेला आणि घट्ट! थुलथुलीत नव्हे. नितंब, पोट, स्तन हलतात तो अतिस्थूल, चरकाच्याच सूत्रस्थानाचा २१वा अध्याय. कारणं: अति खाणं, दिवसा झोप, व्यायाम नाही, शिवाय बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेलं. चाळिशीत सुटलेलं पोट बघून 'कफ' लिहिलंत की विकृतीच प्रकृती म्हणून नोंदलीत.

चरबीचा_काटा: वाद कशाला? चरबी दाखवणाऱ्या वजनकाट्यावर उभं करा, टक्केवारीवरून कळेल.

मोजपट्टी: तो चरबी मोजतच नाही. तळपायातून बारीक वीजप्रवाह सोडून अडथळा मोजतो. वय, उंची घालून सूत्राने आकडा काढतो. प्रवाह एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो, पोटातली चरबी त्याला नीट कळत नाही. अंगात पाणी कमी किंवा टाचा कोरड्या असल्या की आकडा वर. वापरायचाच तर सकाळी, पोट साफ झाल्यावर, उपाशी, आणि फक्त महिन्याचा कल बघा.

चरबीचा_काटा: मग बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) धरा. २३च्या आत तो कफ नाही.

ताटातलं: बीएमआय? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. बीएमआय दोघांचा २२.३. चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१! हातपाय काड्या आणि पोटात चरबी, हा आपल्याकडचा बांधा. त्याला 'वात' म्हणून तूप-शिरा सांगता आणि साखर चढते. टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुष ९०, बायका ८० सेंमी. त्यापुढे तूप वाढवण्याचा विषयच नाही.

नाडीपरीक्षा: सरसकट तूप सांगणाऱ्यांचं पाप आमच्या माथी मारू नका! पंचविशीतलं वजन, मनगटाचं हाड, शिरा दिसतात का, भूक वेळेवर की अनियमित, कोठा मृदू की क्रूर (पोट सहज साफ होतं की अवघड), हे विचारल्याशिवाय प्रकृती लिहूच नये. आजचं वजन त्यात धरू नये, एवढं तुमचं मान्य.

मोजपट्टी: मग प्रकृती ठरवायच्या प्रश्नावलीतून 'बांधा: बारीक/मध्यम/जाड' काढा. त्याला गुण द्यायचे आणि मग कफाचा बीएमआय जास्त निघाला म्हणून पुरावा दाखवायचा! जे आत घातलं तेच बाहेर येणार.

नाडीपरीक्षा: काढायचा नाही. 'पंचविशीत कसा होता' असा करायचा.