सनातनी, परंपरावादी, उजवा: कुठल्या पक्षाला कोणता शब्द?

विचारणा (नाशिकरोड)
राज्यातल्या पक्षांवरचा एक लेख मुद्रितशोधनासाठी आला आहे. लेखकाने एकाच परिच्छेदात एका पक्षाला ‘सनातनी’, ‘पुराणमतवादी’ आणि ‘उजवा’ असं तिन्ही म्हटलंय. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

प्रतिसाद (पंचवटी)
नाही चालत. ‘सनातनी’ म्हणजे शास्त्रवचन हाच शेवटचा पुरावा मानणारा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा अस्पृश्यांना दार उघडायला विरोध करणाऱ्यांसाठी हा शब्द आला तो याच अर्थाने. उलट सावरकर भगूरचे, हिंदुत्वाची मांडणी त्यांची, पण पोथीनिष्ठेचे ते टीकाकार होते. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींसाठी खुलं झालं त्यात त्यांचा पुढाकार होता. म्हणून ‘हिंदुत्ववादी’च्या जागी ‘सनातनी’ टाकलं की वाक्य चुकतं.

निवडणुकीच्या राजकारणातला सनातनी पक्ष हवा असेल तर करपात्री महाराजांची रामराज्य परिषद घ्या. धर्मशास्त्रात सरकारने हात घालू नये म्हणून तिने हिंदूंचे विवाह-वारसा कायद्यात आणणाऱ्या हिंदू कोड बिलाला विरोध केला. आज भाजपचा आग्रह समान नागरी कायद्याचा आहे, म्हणजे विवाह-वारसा राज्याच्या कायद्याने ठरावा असा. सरकारचा हात नको म्हणणारं राजकारण आणि सरकारनेच कायदा करावा म्हणणारं राजकारण एका शब्दात कसं मावेल?

प्रतिसाद (निफाड)
‘उजवा’ मूळचा अर्थकारणाशीही जोडलेला आहे, हे आपल्याकडे विसरलं जातं. राजाजींचा स्वतंत्र पक्ष (१९५९) लायसन्स-परमिट राज आणि सहकारी शेतीच्या विरोधात उभा राहिला. १९६७ ला लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते. शरद जोशींची मांडणीही खुल्या बाजाराची, पण त्यांच्याच शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ ला चांदवडला झालं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावे जमीन करण्याची मोहीम निघाली. त्यांना परंपरावादी कोण म्हणेल? आता दुसरी बाजू पाहा: डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली ती ‘उजव्या’ म्हणवल्या जाणाऱ्या सरकारने. लासलगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बाजारावरचं नियंत्रणच. अर्थकारण आणि समाजकारण, दोन्हींचा निकाल वेगळा लावा.

प्रतिसाद (सिडको)
आणि साल लिहा. भाजपने १९८० ला ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला, १९८९ ला पालमपूरला राममंदिराचा ठराव केला. शिवसेना १९६६ ला भूमिपुत्रांच्या प्रश्नावर निघाली, हिंदुत्व ऐंशीच्या दशकात पुढे आलं. मनसेने २०१२ ला नाशिक महापालिकेत ४० जागा घेतल्या तेव्हा झेंडा चौरंगी होता. २३ जानेवारी २०२० ला तो भगवा झाला. वर्ष न देता विशेषण लावलं की अर्ध्या काळापुरतं ते खोटं ठरतं.

प्रादेशिक पक्षांत तर जपायची गोष्टच वेगळी असते: भाषा, स्थानिकांच्या नोकऱ्या, कधी एखाद्या जातीची सत्ता. तिथे धर्माचा शब्द ओढून आणू नये.

विचारणा (नाशिकरोड)
मग दुरुस्ती नेमकी कशी करू?

प्रतिसाद (पंचवटी)
विशेषणाआधी ‘कशाबाबत’ ते घाला: ‘विवाहकायद्याबाबत परंपरावादी’, ‘जमीनधारणेबाबत जैसे थे वादी’. आहे ते टिकवणारा जैसे थे वादी, गेलेलं परत आणू पाहणारा पुनरुज्जीवनवादी. लेखात बहुतेक वेळा दुसरा अर्थ असतो आणि शब्द पहिला पडतो. ‘प्रतिगामी’ हा विरोधकाचा शब्द आहे, ज्याने वापरला त्याच्या नावानेच छापा. ‘पुराणमतवादी’लाही दूषणाचा वास आहे, वर्णनात ‘परंपरावादी’ बरा. माणसांबद्दलही हीच काळजी. टिळक राजकारणात जहाल, तरी मुलींचं शरीरसंबंधासाठीचं किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. एकच विशेषण लावून भागणार नाही.

प्रतिसाद (निफाड)
‘हुजूर पक्ष’ (कॉन्झर्व्हेटिव्ह) फक्त ब्रिटनसाठी ठेवा, ‘मजूर पक्षा’च्या (लेबर) जोडीने तो रुळला आहे. आणि ‘हा पक्ष त्या पक्षापेक्षा उजवा’ असं वाक्य असेल तर बदलाच. मराठीत त्याचा अर्थ ‘अधिक चांगला’ होतो. ‘अधिक उजवीकडे झुकलेला’ लिहा.