बिचिरची अंडी सकाळपर्यंत नाहीशी होतात. पिल्ले कशी वाढवावीत?

कोयनाकाठ:
नमस्कार. साताऱ्यात माझ्या घरी चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशा टाकीत, म्हणजे सुमारे २५० लिटर पाण्यात, सेनेगल बिचिर या आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यातल्या जातीचे तीन मासे तीन वर्षांपासून आहेत. दुकानात ते ‘डायनासोर मासा’ या नावाने मिळाले, तेव्हा बोटाएवढे होते. आता सर्वांत मोठा २८ सेंटीमीटरचा आहे. गेल्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस झाला. त्यानंतर मी टाकीतले एक तृतीयांश पाणी बदलले आणि पाण्याचे तापमान दोनेक अंशांनी उतरले. त्यानंतरच्या दोन संध्याकाळी एक मासा मोठ्या मादीच्या, निदान मी जिला मादी समजतो तिच्या, अंगाला सतत अंग घासत तिच्यामागे फिरत होता. रात्री दहा वाजता जावा मॉसवर (टाकीतल्या शेवाळासारख्या पाणवनस्पतीवर) मोहरीएवढी अंडी चिकटलेली मी स्वतः पाहिली, पण सकाळी त्यांतले एकही उरले नव्हते. नर आणि मादी खात्रीने कसे ओळखावेत, अंडी वेगळी काढावीत का, आणि काढली तर पिल्लांना काय खाऊ घालावे? झाकण घट्ट बसावे म्हणून टाकी मी काठोकाठ भरून ठेवतो, हेही सांगून ठेवतो.

शेवाळ:
अंडी आपल्याच माशांनी खाल्ली आहेत. बिचिर अंड्यांची राखण करत नाही, आणि अंधारात मुख्यतः वासावरून अन्न शोधणाऱ्या या माशाला स्वतःची अंडी व बाहेरचे अन्न यांत काही फरक वाटत नाही. आपण आदल्या रात्री अंडी पाहिलीत त्याच वेळी मॉसचा झुपका उचलून दुसऱ्या टाकीत ठेवायला हवा होता. असे असले तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण एकदा जोडी जमली की ती काही दिवस थोडी थोडी अंडी घालत राहते.

नर ओळखण्यासाठी पोटाखालचा, शेपटीला लागून असलेला पर पाहावा. प्रौढ नराचा तो पर रुंद, जाड व मांसल असतो, तर मादीचा अरुंद व टोकदार असतो. मासा काचेला लागून वर येतो तेव्हा हा फरक स्पष्ट दिसतो. लहान माशांत मात्र तो दिसत नाही, त्यामुळे बोटाएवढ्या पिल्लांची ‘जोडी’ म्हणून कोणी विक्री करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. हा पर रुंद असण्यामागे कारण आहे. अंडी घालण्याच्या वेळी नर तो पर आणि शेपटी यांची ओंजळीसारखी घडी करून मादीच्या खाली धरतो, अंडी त्या ओंजळीत पडतात, तिथेच त्यांचे फलन होते आणि मग शेपटीच्या झटक्याने ती वनस्पतींत विखुरली जातात. हे दृश्य मी दोनदाच पाहिले आहे, पण ते पाहण्यासाठी रात्रभर जागण्याचे श्रम मला कमी वाटले.

या माशांची अंडी मिळवण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. जॉन सॅम्युअल बजेट हे केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ बिचिरचा गर्भ कसा वाढतो हे पाहण्यासाठी चार वेळा आफ्रिकेला गेले. चौथ्या खेपेस नायजर नदीच्या प्रदेशात त्यांना फलित अंडी मिळाली, पण तिथून परतल्यावर १९०४ मध्ये तापाने त्यांचे निधन झाले. त्या अंड्यांचे विभाजन बेडकाच्या अंड्यासारखे संपूर्ण होते, म्हणजे अख्खे अंडे पेशींत विभागले जाते, हे त्यांच्या सामग्रीवरून पुढे इतरांनी मांडले. आज तीच अंडी आपल्या घरच्या मॉसवर दिसतात, तेव्हा त्यांची थोडी अधिक काळजी घ्यावी असे मला मनापासून वाटते.

पाणवठा:
अंड्यांच्या प्रश्नापेक्षा मला आपल्या शेवटच्या वाक्याची जास्त चिंता वाटते. कृपया आजच पाण्याची पातळी चार-पाच बोटे खाली आणावी. बिचिरला कल्ल्यांबरोबर फुप्फुसांची जोडी असते आणि तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. ही हवा तो बऱ्याचदा डोक्यावरच्या दोन श्वासरंध्रांतूनही आत ओढतो. पाणी आणि झाकण यांच्यामध्ये जागाच नसेल तर त्याला श्वास कोंडल्यासारखे होते. झाकण घट्टच हवे, हे आपले बरोबर आहे, कारण फिल्टरच्या नळीभोवती दोन बोटांची फट राहिली तरी हा मासा त्यातून बाहेर पडतो आणि सकाळी फरशीवर सापडतो. ही फट स्पंजने भरून टाकावी. झाकणाखालची हवा उबदार व दमट राहणे हा त्याचा दुसरा फायदा आहे.

पावसाळ्यात पाणीपुरवठ्याच्या पाण्यात क्लोरीनचा वास वाढलेला जाणवत असेल, तर ते क्लोरीन काढून टाकणारे औषध घालूनच टाकीत सोडावे. तापमान एरवी २६ ते २८ अंश ठेवावे. पाऊस पडून पूर आला की ओसाड पडलेल्या उथळ कुरणांत पाणी पसरते आणि आफ्रिकेत हे मासे तिथे अंडी घालायला जातात. म्हणून थोडे थंड, मऊ पाणी मिळाले की त्यांना प्रेरणा होते. आपण नकळत नेमके तेच केलेत. मोठ्या माशांना या काळात कोळंबीचे तुकडे, गांडुळे व माशाचे मांस दिवे मालवल्यावर द्यावे. गटारातला जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) मात्र देऊ नये, त्याबरोबर रोग येतात.

कोयनाकाठ:
पाणी लगेच कमी केले, आणि खरोखरच तिन्ही मासे आता पूर्वीपेक्षा सहज वर येऊन जातात. आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री पुन्हा साठ-सत्तर अंडी दिसली, ती मॉससकट पन्नास लिटरच्या टाकीत हलवली आहेत. त्यांतली दहा-बारा पांढरी पडली आहेत. पुढे काय करावे?

शेवाळ:
पांढरी अंडी फलित झालेली नसतात किंवा मेलेली असतात. ती चिमट्याने किंवा ड्रॉपरने लगेच काढून टाकावीत, नाहीतर त्यांच्यावरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. पाण्यात मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचे निळे औषध अगदी फिकट निळसर छटा येईल इतकेच घालावे आणि हवेचा बारीक प्रवाह सुरू ठेवावा. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतील. पहिले काही दिवस ती डोक्यावरच्या चिकट अवयवाने पानांना लटकून राहतील, त्यांना मेलेली समजू नये. त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे बाह्य कल्ले दिसतील, जे मोठेपणी नाहीसे होतात.

पोटातला पिवळा साठा संपायला साधारण आठवडा लागतो, तोपर्यंत अन्न देऊ नये. त्यानंतर ताजी उबवलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या सूक्ष्म जिवाची) पिल्ले दिवसातून तीन-चार वेळा, थोडी थोडी द्यावीत आणि तळाशी उरलेले अन्न नळीने काढून टाकावे. उबवण सुरू करण्याची वेळ आजच ठरवावी, कारण आर्टेमियालाही एक ते दीड दिवस लागतो आणि भुकेलेली पिल्ले एकमेकांचे कल्ले कुरतडायला लागतात. खरा कसोटीचा काळ महिन्याभराने येईल: एकाच दिवशी जन्मलेल्या पिल्लांत काही दुप्पट मोठी होतात आणि ती लहानांना गिळतात. दर चार दिवसांनी मोठी पिल्ले वेगळ्या टबात काढावीत. त्यासाठी तीन-चार टब आधीच पाणी भरून, स्पंज फिल्टर चालू करून ठेवावेत.