लिनक्सवर वायफाय कार्ड चालत नाही? ड्रायव्हरशी झुंजू नका, कार्ड बदला

कोरी पाटी
तोच प्रश्न परत परत येतो: लिनक्स टाकलं, सगळं झकास चाललंय, फक्त वायफाय दिसत नाही. उत्तरंही तीच: गिटहब या कोडच्या साइटवरून ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) उतरवा, कंपाइल करा, डीकेएमएसमध्ये घाला, म्हणजे दर नव्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) तो आपोआप परत कंपाइल होईल. माझं स्पष्ट मत आहे की ज्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच नाही, त्याच्या नादी लागू नये. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडा, एम.२ खाचेतलं वायफाय कार्ड काढा, इंटेलचं एएक्स२१० किंवा मीडियाटेकचं एमटी७९२१ बसवा आणि मोकळे व्हा. बाहेरून आणलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) आज चालतं. पुढचं कर्नल आलं की आतली फंक्शन्स बदललेली असतात, मॉड्यूल कंपाइल होत नाही, वायफाय जातं आणि दुरुस्तीसाठी लागणारं नेटही त्याच्यासोबत जातं. नवख्या माणसाला आपण या फेऱ्यात ढकलतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रानवारा
साफ असहमत. 'चालत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच, घोडं अडतं फर्मवेअरपाशी. कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरला सुरू होताना एक फाइल द्यावी लागते, ती डिस्कवर नसते, बस. डीमेसेज या आज्ञेने कर्नलचे संदेश बघा: आयडब्ल्यूएलवायफायच्या (इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरच्या) ओळीत फाइलचं नाव आणि शेवटी 'एरर -२', म्हणजे फाइल सापडली नाही. फर्मवेअरचं पॅकेज टाका, रीबूट करा, काम झालं. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ही फर्मवेअर नसायचीच. २०२२ मध्ये त्यांच्यात मतदान झालं आणि २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती सोबत येते. म्हणजे कुणी जुना इन्स्टॉलर वापरला, तर त्याला तुम्ही धडधाकट कार्ड काढायला लावणार?
आणि आरएफकिल (वायफाय बंद केलंय का ते दाखवणारी आज्ञा) आधी बघा. तिथे 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल, तर नवं कार्ड बसवूनही वायफाय बंदच राहू शकतं.

कोरी पाटी
रानवारा, मी लिहिलंय तेच परत वाचा: ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही ते कार्ड. एलएसपीसीआय -एनएनके ही आज्ञा चालवा, ती जोडलेली कार्डं दाखवते. कार्डाच्या नावाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल, तर स्क्रूड्रायव्हरला हात लावू नका. ओळ नसेल, तर तिथेच चौकोनी कंसात विक्रेता आणि चिपचा आयडी असतो, १४ई४ ने सुरू झाला तर ब्रॉडकॉम. तो आयडी शोधून बघा, आणि कर्नलमध्ये काहीच नाही असं दिसलं तरच माझा सल्ला.

टर्मिनलकर
कार्ड बदलणं इतकं सरळ नाही हो. कित्येक पातळ लॅपटॉपांत वायफाय चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. काही जुन्या लॅपटॉपांचं बायॉस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) ठरावीक कार्डंच स्वीकारतं, दुसरं घातलं की मशीन सुरूच होत नाही. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ कार्डं तर सीएनव्हीआय प्रकारची आहेत. वायफायचा अर्धा भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे एएमडीच्या लॅपटॉपात ती खाचेत बसतील, पण चालणार नाहीत. नावात एका आकड्याचा फरक आणि पैसे पाण्यात. त्यापेक्षा नवं कर्नल टाकून बघा. रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीईला पूर्वी बाहेरचं मॉड्यूल लागायचं, आता ते आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हरमध्ये कर्नलसोबतच येतं.

उंबरठा
मला मूळ विचारच पटत नाही. ब्रॉडकॉमच्या चिप्सचा बी४३ ड्रायव्हर आला कुठून? ब्रॉडकॉम माहिती देत नव्हती, तेव्हा एका गटाने चिपचं वागणं उलगडून त्याचं तपशीलवार वर्णन लिहिलं आणि दुसऱ्या गटाने फक्त त्या वर्णनावरून कोड लिहिला. पुढे २०१० मध्ये कंपनीने स्वतःच काही नव्या चिप्सचा खुला ड्रायव्हर दिला. सगळ्यांनी 'कार्ड बदला आणि मोकळे व्हा' म्हटलं असतं, तर आज कर्नलमध्ये हे ड्रायव्हर दिसले असते का? बग कळवणं, लॉग (मशीनच्या संदेशांची नोंद) पाठवणं हेही काम आहे, आणि ते नवखा माणूससुद्धा करू शकतो.

कोरी पाटी
त्या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. पण ज्याला उद्या ऑनलाइन परीक्षा द्यायची आहे, त्याला लॉग पाठवून उत्तराची वाट बघायला सांगणार का? शिवाय सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल लोडच होत नाही. मग आधी मोकयुटिल या आज्ञेने सहीची किल्ली नोंदवा, रीबूट करताना निळ्या पडद्यावर पासवर्ड द्या. पहिल्याच आठवड्यात हे समोर आलं की माणूस लिनक्स सोडून जातो. टर्मिनलकरांचा सीएनव्हीआयचा इशारा मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावा, म्हणूनच मी एएक्स२१० म्हटलं, ते पीसीआय एक्सप्रेसवर चालतं, त्याला इंटेलचा चिपसेट लागत नाही.

रानवारा
उद्या परीक्षा असलेल्याला कार्ड मागवायलाही वेळ नाही! फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) सुरू करा, लिनक्स ते सहसा लगेच ओळखतं. अपडेटनंतर मॉड्यूल मोडलं तरी ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या) यादीत आधीचं कर्नल असतं, त्यातून बूट करा. 'नेटही जातं' म्हणून घाबरवण्यात अर्थ नाही.

कोरी पाटी
एका दिवसासाठी ठीक. पण आधीच्या कर्नलवरच बसून राहिलात तर सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात येणार नाहीत, आणि मॉड्यूल दुरुस्त कधी होईल ते कुण्या एकट्या माणसाच्या फुरसतीवर अवलंबून. कार्ड काढता येत असेल, तर मी अजूनही बदलाच म्हणेन.