पहिल्यांदा अडलात ती जागा सांगा : पीएचपी-मायएसक्यूएलचे अनुभव

भाचीने सुट्टीत पीएचपी, म्हणजे वेबसाइटमागचा कोड लिहायची भाषा, शिकायला घेतलंय. तिसऱ्याच संध्याकाळी फोन : "मामा, नुसतं पांढरं पान येतंय. एररसुद्धा नाही!" एरर पडद्यावर दाखवणारी 'डिस्प्ले एरर्स' सेटिंग बंद होती. ती चालू करायला सांगितलं, तर ओळ 43 वर पार्स एरर, म्हणजे कोडची रचनाच वाचता येत नाही. आणि 43 वर फक्त एक महिरपी कंस. ती अर्धा तास त्या कंसाकडे बघत बसली होती. अर्धविराम राहिला होता 42 च्या शेवटी. पीएचपी बिचारं पुढचा शब्द गळ्याशी आल्यावरच ओरडतं.

त्यावरून पीएचपी आणि त्याच्या जोडीचा डेटाबेस मायएसक्यूएल यांच्यावर हा धागा. तुम्ही पहिल्यांदा कुठे अडलात आणि कोणी सोडवलं ते लिहा. अट एकच, शेवटी चूक काय निघाली तेही सांगायचं. "मग आपोआप चाललं" म्हणून सुटायचं नाही.

वसईकर

आमच्या क्रीडामंडळाच्या स्पर्धेची नोंदणी मी बनवली होती. नावं इंग्रजीत भरायची. पाटील गेले, वर्तक गेले, नाईक गेले. डिसूझा आले की एरर. डिमेलोंचं तेच. वसईत हे दोघे अडले म्हणजे निम्मी स्पर्धाच अडली की!

या आडनावांत 'डी'नंतर वर एक टिंबवजा स्वल्पविराम असतो. माझ्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, नाव त्याच चिन्हांमध्ये गुंडाळलेलं, त्यामुळे डेटाबेसला वाटायचं, नाव 'डी'पाशीच संपलं. मी फॉर्मवर सूचना टाकली : "कृपया चिन्ह देऊ नये." एक काका मंडळात येऊन म्हणाले, "बापाचं आडनाव तुझ्या कॉम्प्युटरसाठी बदलू काय रे?"

मग मदत मागितली. उत्तर आलं, "त्या काकांना चहा पाज. ज्या भोकातून त्यांचं चिन्ह आत शिरतंय, त्यातूनच उद्या कोणी तुझी सगळी यादी काढून नेईल." पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायचं साधन), प्रिपेअर्ड स्टेटमेंट हे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. क्वेरीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं, नाव वेगळं पाठवायचं. चहा पाजला.

जात्यावरची

आजीच्या सुमारे चारशे ओव्या मी टाइप करून साइटवर ठेवल्या होत्या. होस्टिंग बदललं आणि सगळीकडे अगम्य खुणा. रडवेली होऊन विचारलं, तर एका अनोळखी गृहस्थांनी उलट प्रश्न केला : "प्रश्नचिन्हं दिसतात, की डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी 'ए'?"

हा प्रश्न मी आजवर दहा जणांना तरी विचारला असेन. युटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ते लॅटिन-1 (युरोपीय अक्षरांची एकेका बाइटची पद्धत) समजून वाचलं की एकाची तीन चिन्हं होतात आणि ते तिरक्या रेघेचे 'ए' उगवतात. म्हणजे माल शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. पण सलग प्रश्नचिन्हं आली, तर साठवतानाच अक्षर टाकून देऊन त्या जागी खरंच प्रश्नचिन्ह लिहिलेलं असू शकतं. ते परत येत नाही.

माझ्याकडे दोन्ही प्रकार होते. जुन्या ओव्या बचावल्या. नव्या होस्टिंगवर गेल्यावर चढवलेल्या साठेक गेल्या. कनेक्शनला युटीएफ-8 एमबी-4 (मायएसक्यूएलमधलं पूर्ण युटीएफ-8) सांगितलं होतं, पण टेबल लॅटिन-1 चं बदलायचं राहिलं होतं. आजी होती म्हणून पुन्हा उतरवून घेतल्या. दोन-तीन तिने सरळ वेगळ्याच सांगितल्या!

रात्रपाळी

डिलीट वरच्या ओळीवर, कोणत्या नोंदी ते सांगणारी व्हेअरची अट खालच्या. माउसने वरचीच ओळ निवडली आणि चालवली. वाचनालयाचे 1846 सभासद गेले.

मी ट्रान्झॅक्शन सुरू केलं होतं, म्हणजे बदल मागे घेता येतात, म्हणून ऐटीत रोलबॅक दिलं. काही झालं नाही. टेबल मायआयसॅम या जुन्या साठवण-प्रकारातलं होतं, त्याला ट्रान्झॅक्शन कळतच नाही. आवृत्ती 5.5 पासून मायएसक्यूएल आपणहून ट्रान्झॅक्शन कळणारा इनोडीबी प्रकार देतं, पण आमचं टेबल त्याआधीचं, वारशाने आलेलं. बॅकअप तीन आठवडे जुना. मधले सभासद पावतीपुस्तकावरून भरले, दोन रात्री. आता आधी सिलेक्ट चालवून ओळी मोजतो, मग तिथेच सिलेक्टच्या जागी डिलीट लिहितो.

तिसरा बाक

आम्हाला 2017 साली जुन्या पुस्तकातून शिकवत होते. घरी पीएचपी 7 टाकलं, तर कनेक्ट करणारं फंक्शनच सापडेना. मी एका फोरमवर इंग्रजीत लिहिलं : "सर प्लीज हेल्प, अर्जंट, नॉट वर्किंग." एकानेच उत्तर दिलं : "काय चालत नाही?" मला ते फार लागलं. इंग्रजी कच्चं, त्यात हा खवचटपणा. चार दिवस गेलेच नाही तिकडे.

पाचव्या दिवशी नीट लिहायला बसले. एरर जशीच्या तशी उतरवली, आवृत्ती लिहिली, कोड कापत कापत सात ओळींवर आणला. त्या सातात दिसलं की सगळा घोळ एकाच फंक्शनचा आहे. मॅन्युअलमध्ये त्याचं पान उघडलं, तर वरच लाल चौकट : पीएचपी 7 मध्ये काढून टाकलंय, त्याऐवजी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरा. प्रश्न पाठवावाच लागला नाही. तरी त्या माणसाचा सूर मला अजून आवडत नाही. तेच "एरर जशी आहे तशी चिकटव" असंही सांगता आलं असतं ना?

वसईकर

@तिसरा बाक, अगदी. माझ्या काकांचा सूरही काही गोड नव्हता म्हणा.

घाटमाथा

माझं छोटंसं. विंडोजवर चाललं, लिनक्स सर्व्हरवर "टेबल अस्तित्वात नाही". टेबलाचं नाव स्मॉल, क्वेरीत पहिलं अक्षर कॅपिटल. लिनक्सला ती दोन वेगळी टेबलं वाटतात. दीड दिवस.

आणि एक न मिटलेलं दुखणं. गावांच्या यादीत कऱ्हाड शोधलं की निम्म्याच नोंदी यायच्या. स्क्रीनवर दोन्ही शब्द हुबेहूब. एका ताईंनी सुचवलं, हेक्स, म्हणजे अक्षरांमागचे बाइट आकड्यांत, काढून बघा. एक कऱ्हाड 36 अंकी, दुसरं 42 अंकी! एका कीबोर्डने थेट 'ऱ' दिला होता. दुसऱ्याने साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. नोंद साठवण्याआधी 'र', हलन्त, जोडक या तिघांच्या जागी आता 'ऱ' आणि हलन्त घालून घेतो. पण जुन्या याद्यांत तऱ्हाळा, कुऱ्हा, वऱ्हाड कुठे कुठे दडलेत, ते अजून शोधतोय. कोणी सरसकट बदलणारी क्वेरी केली असेल तर इथे टाका. आधी बॅकअप घेतो, रात्रपाळी, काळजी नको.