पाळणाघरात मुले नेमके काय शिकतात? सोसायटीच्या ग्रुपवर शनिवारी रात्री झालेली चर्चा

सौ. चौगुले, बी-३०३ (८.४२)
सर्वांना नमस्कार. विषय तळमजल्यावरच्या पाळणाघराचा आहे आणि ताई स्वतः या ग्रुपवर आहेत, म्हणून आडून न बोलता इथेच लिहिते. आमची धाकटी पुढच्या महिन्यात तीन वर्षांची होईल. राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या नणंदेची मुलगी तिच्याच वयाची असून पन्नासपर्यंत अंक म्हणते आणि ए-बी-सी-डी गिरवते. आमच्या मुलीला आज पाहुण्यांसमोर विचारले, तर "मी कणीक मळली आणि वाटाणे निवडले" एवढेच तिने सांगितले. महिन्याला ४,५०० रुपये देऊन मुलीने कणीक मळायची आणि दुपारी दोन तास झोपायचे, हे मला पटत नाही. शिवाय गुरुवारी ती दंडावर दातांचे वण घेऊन घरी आली. मला भांडायचे नाही, पण तिथे दिवसभर काय चालते ते एकदा स्पष्ट कळावे.

पोवार काका, ए-१०१ (८.४९)
मी पाडव्यापासून सांगत आलो आहे की पाळणाघरात कॅमेरे बसवून त्याचे थेट चित्रण सर्व पालकांना आपापल्या मोबाइलवर पाहता आले पाहिजे. तसे केले असते तर आज हा प्रश्न विचारावा लागला नसता.

माने, बी-१०२ (८.५३)
मी पाळणाघराच्या बरोबर वर राहतो. तक्रार करत नाही, केवळ नोंद करतो की सकाळी नऊ ते साडेनऊ खालून जे रडणे ऐकू येते, ते ऐकून चहा गोड लागत नाही.

देशपांडे बाई, सी-२०१ (९.०६)
चौगुले वहिनी, माझी सगळी नोकरी बालवाडीत झाली, म्हणून थोडे लांबवते. कंटाळा आल्यास पुढे जावे. पेन्सिल धरायला अंगठा आणि पहिली दोन बोटे यांत जी ताकद लागते, ती पेन्सिल हातात देऊन येत नाही. ती कणीक मळण्याने, मणी ओवण्याने, ओले फडके पिळण्याने येते. हरभरे आणि वाटाणे वेगळे करताना मूल सारखे काय आणि वेगळे काय हे ठरवत असते, आणि पुढचे सगळे गणित त्यावरच उभे राहते. पन्नासपर्यंतचे अंक बडबडगीतासारखे पाठ होतात. "पाच जणांना पाच वाट्या आण" म्हटल्यावर जे मूल पाचच वाट्या आणते, त्याला पाच कळलेले असतात. उद्या घरी करून पाहा.

हे काही नवे खूळ नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी त्याच क्षेत्रातल्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. इटलीच्या माँटेसरीबाईंच्या पद्धतीची महागडी साधने गावात कुठून आणणार, म्हणून त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून तेच शिक्षण उभे केले. तीन ते आठ या वयासाठी २०२२ साली जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यानेही खेळातून शिकण्यावरच भर दिला आहे. शंभर वर्षांपूर्वीची मराठी बाई आणि आजचे दिल्लीचे कागद एकच सांगत असतील, तर नणंदेच्या मुलीची धास्ती घेण्याचे कारण नाही.

मगदूम, सी-४०१ (९.११)
बाईंचे म्हणणे मान्य आहे, परंतु कणीक मळायला आणि वाटाणे निवडायला आमच्या वेळी घरात आजी होती आणि ती महिन्याला काही घेत नव्हती.

सौ. घाटगे, ए-३०४ (९.१४)
मगदूम काका, माझ्या मुलाची आजी गडहिंग्लजला म्हशी सांभाळते आणि मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे, असे २०१७ च्या सुधारणेपासून कायदा सांगतो. आमच्या कारखान्यात आम्ही ३४ जण आहोत. तेव्हा आपण सुचवावे, मूल म्हशींजवळ ठेवू की यंत्राजवळ?

मगदूम, सी-४०१ (९.१५)
माझा रोख कोणावरही नव्हता.

पोवार काका, ए-१०१ (९.१६)
कॅमेऱ्याच्या मुद्द्यावर कोणी बोलत नाही, हे मी पाहतो आहे.

पाळणाघराच्या ताई, तळमजला (९.३१)
मुलांचे टॉवेल वाळत घालत होते, म्हणून उशीर झाला. जुलैत काही वाळत नाही. चौगुले वहिनी, तुम्ही इथेच विचारलेत हे बरे केले.

आधी दातांचे सांगते. एक ते तीन वयाची मुले चावतात, कारण राग आलेला असतो आणि "माझी गाडी दे" हे वाक्य अजून तोंडात आलेले नसते. गुरुवारी दोघांना एकच लाल बादली हवी होती. मी जागा साबण-पाण्याने धुतली, थंड फडके ठेवले आणि कागदावर लिहून संध्याकाळी दिले. तो कागद चौगुले भाऊंच्या हातात दिला होता. चावलेल्या मुलाचे नाव मी कधीही सांगत नाही, कारण पुढच्या वेळी चावणारे मूल तुमचेही असू शकते. त्या मुलाला "दुखले, बघ, ती रडते आहे" असे सांगून बर्फाचे फडके धरायला दिले. तेही शिकवणेच आहे.

सकाळच्या रडण्याविषयी, माने काका. दीड वर्षाच्या मुलाला आई गेली म्हणजे ती परत येईल हे ठाऊक नसते. रोज ती परत येते हे अनुभवूनच त्याला ते कळते. म्हणून मी आयांना सांगते की गुपचूप पळून जाऊ नका. "मी जाते, तू खाऊ खाऊन उठलास की येते" असे सांगून जा, मग तो दहा मिनिटे रडला तरी चालेल. नजर चुकवून गेलेल्या आईचे मूल खेळतानाही दिवसभर दाराकडे बघत बसते.

झोपेचे असे की तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसात दहा ते तेरा तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमची परी रात्री साडेअकराला झोपते आणि सातला उठते, असे तुम्हीच म्हणाला होतात. मग राहिलेली झोप थोडी तरी माझ्याकडे भरून निघते.

इंगवले, बी-२०१ (९.३५)
साडेअकराची माहिती ग्रुपवर आल्याबद्दल चौगुले भाऊंचे अभिनंदन. क्रिकेटचा सामना पाहायला आता मुलीचे निमित्त मिळणार नाही.

सौ. चौगुले, बी-३०३ (९.३६)
तो कागद मला आत्ता त्यांच्या डब्याच्या पिशवीत मिळाला. ताई, गुरुवारबद्दल मी जे वाक्य लिहिले, त्याचे मला वाईट वाटते. पण मोबाइल दाखवून मुलांना झोपवत नाही ना, एवढे सांगा.

पाळणाघराच्या ताई (९.४१)
माझ्याकडे टीव्ही नाही आणि माझा मोबाइल स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि चार वर्षांपर्यंत दिवसातून तासाभराहून अधिक नको, असा त्याच संघटनेचा २०१९ चा सल्ला आहे. तो तास त्यांना घरी मिळतोच. इथे मी गोष्ट सांगते, आणि रोज तीच मागतात म्हणून रोज तीच सांगते.

पोवार काका, ए-१०१ (९.४४)
तिसऱ्यांदा लिहितो. कॅमेरे बसवून थेट चित्रण सर्व पालकांना द्यावे. गेल्या वर्षी मला, मुलाच्या सख्ख्या आजोबांना, दारात वीस मिनिटे उभे केले होते, हे या ग्रुपवर सर्वांना ठाऊक आहे. माझ्यावर अविश्वास दाखवणाऱ्यांनी स्वतःवर विश्वास ठेवण्याची अपेक्षा करू नये.

पाळणाघराच्या ताई (९.५२)
काका, त्या दिवसाबद्दल मी दोनदा माफी मागितली आहे आणि तसेच पुन्हा घडले तर पुन्हा दारात उभे करीन. न्यायला येणाऱ्यांच्या यादीत तुमचे नाव नव्हते आणि सूनबाईंचा फोन लागत नव्हता. मूल "आबा" म्हणून धावले, हे खरे. पण मूल आइस्क्रीमवाल्याकडेही धावते. दारावर आणि मोठ्या खोलीत कॅमेरा आहे, कुणाला शंका आली तर समोर बसवून चित्रण दाखवते. थेट चित्रण मात्र देणार नाही, कारण चौदा मुलांचे कपडे बदलणे, रडणे, शी-शू हे अठ्ठावीस मोबाइलवर जाईल आणि तिथून पुढे कुठे जाईल यावर माझा ताबा राहणार नाही.

देशपांडे बाई, सी-२०१ (९.५५)
पोवार भाऊजी, कॅमेऱ्याने जी खात्री मिळावी असे आपल्याला वाटते, ती त्या वीस मिनिटांत आपल्याला मिळाली होती.

पोवार काका, ए-१०१ (९.५६)
आपल्याला काय, पावसात उभे राहावे लागले नव्हते.

सौ. मुजावर, सी-१०३ (१०.०२)
चौदा मुलांना माणसे किती आहेत, हे मला कॅमेऱ्याहून महत्त्वाचे वाटते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि जोडीला मदतनीस असे प्रमाण दिले आहे. ताईंकडे ताई धरून तिघी आहेत. मात्र मावशी गावच्या जत्रेला गेल्या की दोघीच उरतात. त्या दिवशी काय करायचे, ते ठरलेले असावे.

पाळणाघराच्या ताई (१०.०७)
मुजावर भाभींचे बरोबर आहे, त्यात मी कमी पडते. बदली बाई शोधते आहे. आता मीही दोन गोष्टी मागते. सकाळी तापाचे औषध पाजून मूल सोडू नका. साडेअकराला औषध उतरते, ताप चढतो, आणि तोवर त्याने सगळ्यांच्या वाट्या चाटलेल्या असतात. औषधाशिवाय एक पूर्ण दिवस ताप नसला, तरच पाठवा. नाव घेत नाही, सोमवारी कोण आले होते ते आपल्याला माहीत आहे. आणि डब्यात भडंग देऊ नका. अख्खा शेंगदाणा या वयात घशात अडकतो, कूट करून द्या. आठ महिन्यांच्या बाळाला चाटवायला मध पाठवला होता, तो मी परत केला. वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्याने बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

मगदूम, सी-४०१ (१०.१०)
मध सौभाग्यवतींनी पाठवला होता. आमच्या चारही मुलांना दिला होता आणि चौघेही धडधाकट आहेत.

सौ. घाटगे, ए-३०४ (१०.११)
काका, सोमवारचा ताप आमचा होता. रजा शिल्लक नव्हती. ताई, चूक झाली.

सचिव (१०.२०)
उशीर झाला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. पाळणाघर पूर्वीप्रमाणे सुरू राहील. बदली बाईंचे नाव आणि ओळखपत्राची प्रत पंधरवड्यात कार्यालयात द्यावी. सहा वाजता न्यायची मुले सव्वासातला नेणाऱ्यांनी ताईंनाही घर आहे हे ध्यानात घ्यावे. कोण ते ताईंच्या वहीत लिहिलेले आहे.

पोवार काका, ए-१०१ (१०.२१)
कॅमेऱ्याचा मुद्दा इतिवृत्तात घ्यावा.

चौगुले भाऊ, बी-३०३ (१०.२६)
सव्वासातचा तो मीच. सोमवारपासून सहाला येतो. आत्ता धाकटीला पाच वाट्या आणायला सांगितल्या, तिने सहा आणल्या आणि सहावी बाहुलीची आहे म्हणाली. बाई, हे बरोबर धरायचे की चूक?

देशपांडे बाई, सी-२०१ (१०.२८)
बरोबर. पण तिला आधी झोपवा.